ठिगळाच्या आतलं नाव

वसुधा शेवाळे यांना एखादी गोष्ट पटवायला जायचं असेल तर माणसाने जेवूनखाऊन जावं, असं लखनौमधल्या जानकीपुरमच्या त्यांच्या गल्लीत म्हणतात. बाई भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. एकदा "नाही" म्हणतात, समोरच्याचं सगळं बोलून होईपर्यंत फाटकाला टेकून उभ्या राहतात, आणि तो थकला की पुन्हा "नाही" म्हणतात. वीज खात्याचा माणूस, मुलीसाठी स्थळं आणणाऱ्या बायका, घरमालकांचे थोरले चिरंजीव, सगळे या फाटकावरून हात हलवत परत गेलेले आहेत.

हा स्वभाव लखनौने दिलेला नाही. सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून लग्न होऊन निघाल्या तेव्हाच तो त्यांच्या सामानात होता. नवरा, राजाराम शेवाळे, हवाई दलात सार्जंट, लखनौजवळ बख्शी का तालाबच्या हवाई तळावर, म्हणजे त्यांच्या भाषेत स्टेशनवर. १९९९ च्या जानेवारीत, दाट धुक्यात, सीतापूर रोडवर त्यांची मोटरसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. मुलगी अवनी तेव्हा चार वर्षांची होती. धाकटे दीर रमाकांत तेराव्याला आले ते परतीची तिकिटं खिशात घेऊनच.

"वहिनी, इथं तुमचं आहे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आहे की," वसुधाबाई म्हणाल्या.

रमाकांत तीन दिवस समजावत राहिले. चौथ्या दिवशी ते एकटेच गाडीत बसले आणि पुढची दोन वर्षं त्यांनी वहिनीशी अबोला धरला. वसुधाबाईंनीही तो मोडला नाही.

नवऱ्याच्या जागी त्यांना स्टेशनवर टेलरची नोकरी मिळाली. पॅराशूट, लाइफ जॅकेट आणि डिंग्या दुरुस्त करणारा विभाग होता तो. डिंगी म्हणजे रबरी कापडाची, हवा भरून फुगवायची होडी. विमान समुद्रात पडलं आणि वैमानिक वाचला, तर मदत येईपर्यंत त्याला पाण्यावर धरून ठेवते ती हीच. तिच्या चिकटद्रव्याच्या, म्हणजे सोल्यूशनच्या, वासाने पुरुषांची डोकी दुखत, म्हणून ते टेबल नव्या बाईच्या गळ्यात पडलं. बाईंनी ते निवृत्त होईपर्यंत, पंचवीस वर्षं, सोडलं नाही. गंमत अशी की इतक्या होड्या समुद्रासाठी तयार करणाऱ्या या बाईने समुद्र काही पाहिला नव्हता. विट्यात तो नाही, आणि लखनौत तर मे महिन्यात गोमतीसुद्धा अंग चोरून वाहते.

काम शिकवलं सिद्दीकी मास्टरांनी. पांढरी दाढी, तोंडात पान, आणि जिभेवर अस्सल लखनवी साखर. त्यांचे नियम दोनच होते. पहिला, ठिगळ लावलेली डिंगी पूर्ण बारा तास फुगवून ठेवायची, मग हवा मोजायची, आणि तसूभरही उतरली नसेल तरच ती बाहेर सोडायची. दुसरा नियम कुठल्याही सरकारी पुस्तकात नव्हता. ठिगळ चिकटवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने, बारीक अक्षरात, चिकटवणाऱ्याने आपलं नाव लिहायचं.

"सही तर आपण रजिस्टरमध्ये करतोच की," वसुधाबाईंनी पहिल्या आठवड्यात आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं होतं.

"काग़ज़ तो फ़ाइल में रहेगा, बिटिया," मास्टर म्हणाले. "पानी में तो पैबंद जाएगा."

पैबंद म्हणजे ठिगळ. ते टिकलं तर आतलं नाव कुणालाच दिसणार नाही. सुटलं, तर सगळ्यात आधी तेच दिसेल. वसुधाबाईंना हे फार पटलं. एकदा एक साहेब घाईने डिंगी मागायला आले, तेव्हा अकरा तास झाले होते. बाईंनी त्यांना स्टूल दिलं, चहा दिला, आणि डिंगी एका तासाने दिली.

घरी मात्र या कामाचा मान कुणाला होता? हाताला, पदराला, डब्याला सोल्यूशनचा वास. अवनीच्या शाळेतल्या पोरींनी बाईंचं नाव "पंक्चरवाली" ठेवलं. सातवीत असताना अवनीने जेवताना मान खाली घालून सांगितलं, "आप स्कूल मत आया करो." अवनीला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई. वसुधाबाईंना ते लागलं. फार लागलं. पुढच्या पालकसभेला त्या टेबलावरून उठून, हातसुद्धा न धुता, थेट शाळेत गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. त्या दिवशी मायलेकी घरी एकाच रिक्षाने आल्या, पण एकेका कडेला सरकून.

तीच अवनी पुढे वैमानिक झाली. मोठ्या विमानांची नव्हे, समुद्रावर उतरणाऱ्या चिमुकल्या विमानाची. समुद्रकाठच्या एका छोट्या कंपनीचं ते विमान. माणसं दोन बसणार, आणि खाली चाकांच्या जागी रबरी कापडाचे दोन लांबट फुगवलेले तराफे. कंपनीत त्यांना फ्लोट म्हणत. मुलीने विमानासोबतचा पहिला फोटो पाठवला तेव्हा वसुधाबाईंनी तो बोटांनी मोठा केला आणि मुलीच्या चेहऱ्यावरून खाली सरकवून फ्लोटवर नेला. "सांधे बरे बसवलेत," असं त्यांनी उत्तर पाठवलं.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. लू, म्हणजे तिकडचा भाजणारा गरम वारा, सुरू झाली होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. फोन वाजला. पलीकडे कंपनीचे मॅनेजर चंद्रहास होते.

"मॅडम, घबराने की कोई बात नहीं," ते म्हणाले. ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते शोधावं लागतं. वसुधाबाईंनी खुर्ची ओढली आणि एकेक प्रश्न विचारून ते बाहेर काढलं.

झालं होतं असं. सोमवारी दुपारी अवनी, निरंजन नावाच्या एका प्रवाळ-शास्त्रज्ञाला घेऊन, एका निर्मनुष्य बेटाजवळ उतरली. किनाऱ्याकडे सरकताना डावा फ्लोट पाण्याखालच्या प्रवाळावर घासला आणि तळाला वीतभर फाटला. विमान एका बाजूला कललं. दोघांनी ते कसंबसं वाळूवर ओढून घेतलं. बेट म्हणजे वाळूचा पट्टा आणि चार झुडपं, एक माड नाही, गोड्या पाण्याचा थेंब नाही. सोबत नऊ लिटर पाणी आणि फ्लोटला ठिगळ लावायचं थोडं सामान होतं. सगळ्यात जवळचं वस्तीचं बेट सत्तर किलोमीटरवर, पण प्रवाळाच्या कड्याबाहेरचा समुद्र उधाणलेला, तिथल्या होड्या बांधून ठेवलेल्या. सरकारी जहाज बुडत्या मच्छीमार बोटीच्या मागे दूर गेलेलं, ते शुक्रवारी पोचणार होतं. आणि गुरुवारी दुपारी वादळ येणार होतं. त्या वादळात तो वाळूचा पट्टा लाटांच्या वर राहील याची खात्री कुणी देत नव्हतं.

"अवनी मॅडमने पॅच लगा दिया है," चंद्रहास म्हणाले. "कल सुबह उड़ जाएँगे. छोटा सा इश्यू है."

"कैसे लगाया?"

"जी?"

"पॅच. कैसे लगाया? तिचा नंबर द्या मला."

नंबर सॅटेलाइट फोनचा होता, तो कंपनीच्या कामासाठी होता, त्याची बॅटरी जपायची होती, आणि घरच्यांना देण्याची पद्धत नव्हती. चंद्रहासनी हे सगळं नीट समजावलं आणि फोन ठेवला. वसुधाबाईंनी पुन्हा लावला. त्यांनी कापला. बाईंनी पुन्हा लावला. दुपारी पावणेतीनपर्यंत त्यांनी सदतीस वेळा फोन केला, मधे फक्त एकदा पाणी प्यायला उठल्या. अडतिसाव्या खेपेला चंद्रहास हताश आवाजात म्हणाले, "लिखिए." आणि वर बजावलं, की अवनी फोन दिवसातून दोनदाच चालू करते, सकाळी सातला आणि दुपारी चारला, आणि दोन मिनिटांच्या वर बोलू नका.

चारला अवनीचा आवाज आला. मधे वारा होता आणि प्रत्येक वाक्याच्या मागे एक लांबलचक शांतता.

"आई? आपको नंबर किसने दिया?"

"ते राहू दे. ठिगळाचे कोपरे कसे कापलेस? गोल की चौकोनी?"

"चौकोर."

"कापड कशाने धुतलंस?"

"समंदर के पानी से. और क्या है यहाँ?"

वसुधाबाईंनी डोळे मिटले. लहानपणी शाळेतून येऊन हीच पोर त्यांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. हजारो ठिगळं हिच्या डोक्यावर कापली गेली, आणि हिने कोपरे चौकोनी ठेवले. पण रागवायला दोन मिनिटं पुरणार नव्हती.

"उपटून काढ ते. चौकोनी कोपरा पाण्यात पहिला उचलतो. आणि मिठावर काही चिकटत नाही. पिण्याच्या पाण्याने धू. दोन लिटर तरी लागेल."

"आई, पानी पाँच लीटर ही बचा है. दो लोग हैं हम."

"मला मोजता येतं. तहान सोसता येईल अवनी, फाटका फ्लोट सोसणार नाही."

मग त्यांनी कृती सांगितली. कापड घासून खरखरीत करायचं. सोल्यूशनचा पहिला हात पातळ. दहा मिनिटं थांबायचं. दुसरा हात. पुन्हा दहा मिनिटं. बोटाची मागची बाजू लावून पाहायची, ओढ लागली पाहिजे पण चिकटता कामा नये. ठिगळ मधून बाहेर, बाटलीने लाटत जायचं. "पोळी लाटल्यासारखं म्हटलं असतं, पण ती तुला येत नाही. आणि आत नाव लिही." एवढं होईतो फोन बंद झाला.

त्या बेटावर दोन माणसांनी आपल्या वाट्याचं पाणी एका रबरी कापडावर ओतलं. निरंजननेच बाटली धरली होती म्हणे, आणि तोंड फिरवून धरली होती.

बुधवारी सकाळी सात वाजता वसुधाबाई अंघोळ उरकून, टॉवेल बाहेर वाळत टाकून, फोन हातात धरून बसल्या होत्या.

"छूट गया," अवनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, तहानेचा. "एक किनारा पूरा उठ गया. मैंने सब वैसे ही किया था, आई. जैसा आपने बोला. दस मिनट, फिर दस मिनट."

"सुटलेल्या जागी सोल्यूशन कसं दिसतंय?"

"सफ़ेद सा. जैसे धुंध जमी हो."

वसुधाबाईंची नजर समोरच्या तारेवर गेली. अंघोळ करून पंधरा मिनिटं झाली नव्हती, आणि टॉवेल वाळून पापड झाला होता. लखनौचा मे महिना. 

"अवनी, तिथं टॉवेल किती वेळात वाळतो?"

"सूखता ही नहीं. परसों का अब तक गीला है. क्यों?"

समुद्र. जन्मात पाहिला नाही तो समुद्र. दहा मिनिटं ही इथल्या कोरड्या हवेची होती. तिथे हवेतच पाणी होतं, ते सोल्यूशनच्या दोन हातांच्या मधे बसलं आणि ठिगळ सुटलं. पंचवीस वर्षं पोटापाण्याला लावलेली विद्या, आणि ऐन वेळी पोरीला गल्लीतल्या हवेचा हिशेब सांगितला. दोन लिटर पाणी वाया गेलं होतं, अर्धी सोल्यूशनची ट्यूब गेली होती, आणि वादळापर्यंतच्या पंचेचाळीसेक तासांतले पंधरा.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तू बरोबर केलंस. मी चुकीचं सांगितलं."

 तीस वर्षांत हे वाक्य अवनीने ऐकलं नव्हतं.

"अब?" ती म्हणाली.

वसुधाबाईंना ऑगस्ट आठवला. लखनौतही ऑगस्टमध्ये असंच होई, भिंती घामेजत, ठिगळं धरत नसत. तेव्हा सिद्दीकी मास्टर स्टेशनच्या फाटकाबाहेरच्या भडभुंज्याकडून, चणे भाजायच्या कढईतली गरम वाळू डब्यात भरून आणत. कापडी पिशवीत घालून ती रबरावर दाबत, कापड आतून कोरडं होईपर्यंत. अख्ख्या विभागात त्या दिवसांत भाजक्या चण्यांचा वास येई.

"मोजे आहेत तुमच्याकडे?"

"मोज़े? निरंजन सर के हैं."

"त्यात वाळू भर. दुपारपर्यंत उन्हात तापव, चटका बसेल इतकी. मिठाचं पुन्हा बघ, एक लिटर वापर. मग गरम मोजा कापडावर दाबून ठेव, थंड झाला की दुसरा. पहिला हात दिलास की अर्धा तास थांब. घड्याळ बघू नकोस, बोट लावून बघ. विस्तव मात्र सोल्यूशनच्या जवळ नेऊ नको, भडकेल. कळलं?"

"हाँ."

"ट्यूब किती उरली?"

"एक बार की," अवनी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी वसुधाबाई जेवल्या नाहीत. घरमालकीण मिश्राइन भाभी वर येऊन म्हणाल्या, "बहनजी, भगवान पे छोड़ दो." बाई म्हणाल्या, "भगवानको सोल्यूशन लगाना नहीं आता." भाभी घाबरून खाली गेल्या. देवाधर्माचं राहू द्या, पण भीती वसुधाबाईंनाही वाटत होती.  राजाराम गेले तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इथे होतं, आणि ते दीड-दोन हजार किलोमीटरवर, दुसऱ्याच्या हातांनी होत होतं.

चारला अवनी बोलली तेव्हा तिच्या आवाजात जीव होता. "लग गया, आई. अभी-अभी. हवा भर दी है. गोल कोने, सब किया. चंद्रहास सर लाइन पे थे, बोल रहे हैं साढ़े चार तक निकल जाओ. उजाला है अभी."

"नाही," वसुधाबाई म्हणाल्या.

"आई, तूफ़ान..."

"वादळ उद्या दुपारी आहे. तुला पहाटे साडेपाचला दिसायला लागेल. ठिगळ ताजं आहे. पाण्यावरून धावताना त्या फ्लोटला किती रट्टे बसतात ते तुला ठाऊक, मला काय सांगतेस? बारा तास. हवा उतरली नाही तर उड."

"और अगर तूफ़ान पहले आ गया तो?"

 "आलं तर माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण कच्च्या ठिगळावर मी माणूस सोडलेला नाही. तुला सोडू? नाव लिहिलंस का आत?"

फोन बंद झाला होता.

पाचच मिनिटांत चंद्रहासचा फोन. आता घबराने की बात नहीं वगैरे काही नव्हतं. "मॅडम, आपने क्या बोला उसको? वो उड़ने से मना कर रही है! मौसम का रिपोर्ट मेरे सामने है. हमारे इंजीनियर ने भी बोला, चलेगा. आप समझती क्या हैं? आप तो टेलर थीं न वहाँ?"

"हाँ," वसुधाबाई म्हणाल्या. "टेलर. पच्चीस साल. तुमचे इंजिनिअर जाऊन बसणार आहेत का त्या विमानात?"

"ये कोई बात हुई?"

"यही तो बात है. जो 'चलेगा' बोलता है वो बैठे. माझी पोरगी बसणार आहे, तर 'चलेल' कधी ते मी सांगणार. कल सुबह साढ़े पाँच."

"कुछ हो गया तो ज़िम्मेदार कौन? आप?"

"हाँ, मी. लिहून घ्या. वसुधा राजाराम शेवाळे. स्पेलिंग सांगू?"

चंद्रहासनी फोन आपटला. बाईंनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि मग मात्र त्यांना रडू आलं. हुंदके देऊन रडल्या. तोंडाने "मी" म्हणणं सोपं असतं. बेट कोरडं राहिलं नाही तर त्या "मी"चं काय लोणचं घालायचं होतं? तिकडे वाळूवर एक लिटर पाणी उरलं होतं, आणि त्यांच्या शब्दाखातर दोन माणसं आणखी एक रात्र काढणार होती. पण रडून झाल्यावर, तोंड धुऊन, त्यांनी स्वतःलाच पुन्हा विचारलं, आत्ता उडू द्यायचं का? आणि उत्तर तेच आलं. नाही.

गुरुवारी सकाळी साडेपाचला गच्चीवर जाऊन त्यांनी आकाश पाहिलं. जणू लखनौच्या आकाशावरून समुद्राचा अंदाज येणार होता. पावणेसहाला फोनवर चार शब्द आले. "हवा उतनी ही है." आणि त्याच्या खाली, "जा रही हूँ."

सत्तर किलोमीटर. त्या छोट्या विमानाला पाऊण तास. वसुधाबाई गच्चीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. साडेसहा झाले. सात झाले. ऊन चढलं. खाली दूधवाला दोनदा घंटा वाजवून निघून गेला. सव्वासातला फोन वाजला, नंबर चंद्रहासचा. बाईंनी तो तीन वेळा वाजू दिला, कारण त्यांना घ्यायचं धाडस होईना.

"लँड हो गए," चंद्रहास म्हणाले. आवाज अगदी मऊ. "वारा समोरून होता म्हणून उशीर झाला, असं ती म्हणते. दोनों ठीक हैं. पानी पी रहे हैं." आणि मग, जरा थांबून, "मॅडम, बेटावर दहा वाजल्यापासून लाटा चढतील असा अंदाज आहे. वादळ लवकर येतंय." चंद्रहासना मराठी येतं हे बाईंना तेव्हा कळलं. मूळचे कारवारकडचे होते ते. तीन दिवस बाईंचं मराठी ऐकून त्यांनी ते एकदाही वापरलं नव्हतं.

"म्हणजे तुमचंही थोडं बरोबर होतं," वसुधाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून कठड्यालाच टेकून खाली बसल्या.

जूनमध्ये अवनी घरी आली. उन्हाने काळी पडली होती, ओठांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. वसुधाबाईंनी तिला जेवायला वाढलं, पोट भरेपर्यंत काही विचारलं नाही. मग अवनीने बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. फ्लोटच्या कापडाचा, कात्रीने कापून घेतलेला, हातभर तुकडा. त्याच्या मधोमध ते ठिगळ.

"कंपनी ने नया फ्लोट लगाया," ती म्हणाली. "इंजीनियर ने इसको उखाड़ने की कोशिश की थी. नहीं उखड़ा. तो मैंने कटवा लिया."

वसुधाबाईंनी चष्मा लावला. तुकडा खिडकीच्या उजेडात नेला. कोपऱ्यावर नख घातलं, मग सगळी कड नखाने फिरून पाहिली. एका जागी जरा फुगवटा होता, बाटलीने तिथे नीट लाटलं नव्हतं. बाकी काम चोख होतं.

"आत नाव लिहिलंस?"

"लिखा है."

"कुणाचं?"

"उखाड़ के देख लो."

बाईंनी खरंच ओढून पाहिलं. नखाने, मग पक्कडीने. रबरी कापड ताणलं गेलं, पांढरं पडलं, पण ठिगळ हललं नाही. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"नाही निघत," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटत होतं आणि ते लपवणं जमत नव्हतं. "तुझंच असणार. माझं असतं तर सुटलं असतं. बुधवारी सुटलंच की."

अवनी हसली नाही. "जो छूटा था ना," ती म्हणाली, "उस पर मेरा नाम था."

वसुधाबाईंच्या कपाळावर आठी चढली. "आणि याच्यावर? अगं, नियम काय आहे? चिकटवतो त्याचं नाव लिहायचं. दुसऱ्या कुणाचं लिहायचं नाही. एवढी वर्षं टेबलाखाली बसून तू..."

"माहीत आहे मला नियम," अवनी मराठीत म्हणाली. शब्द जरा अडखळले, पण ती थांबली नाही. "मग चिकटवलं कुणी, आई?"

वसुधाबाईंनी तोंड उघडलं. नेहमीचा शब्द जिभेवर आला होता, पण तो बाहेर पडेना. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात तो तुकडा घेऊन, आणि अवनी त्यांच्या हातावरचा सोल्यूशनचा जुना पिवळा डाग अंगठ्याने चोळत राहिली.